डोंगरातल्या जागेसाठी टोकाचा पाऊस आणि वारा: आकडा कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोपवेचा वरचा मनोरा डोंगराच्या सोंडेवर उभा राहणार आहे आणि खाली, साधारण चार चौरस किलोमीटर पाणलोटाच्या ओढ्यावर, छोटा पूल बांधायचा आहे. सर्वात जवळचे हवामान केंद्र तीस किलोमीटरवर, दरीच्या तळाशी आहे. तिथली बावीस वर्षांची रोजच्या पावसाची आणि वाऱ्याची नोंद मिळाली आहे. या नोंदीवर गम्बेल वितरण (टोकाच्या आकड्यांसाठी नेहमी वापरले जाणारे सांख्यिकी सूत्र) बसवून शंभर वर्षांतून एकदा येणारा आकडा काढला आणि उंचीतल्या फरकासाठी दर शंभर मीटरला ठरावीक टक्के वाढवले, तर चालेल का?

नाही चालणार. गम्बेल निवडल्यामुळे होणारी चूक त्या मानाने लहान आहे. मोठी चूक जागेची आहे. दरीतल्या केंद्राने जे वादळ पाहिलेच नाही, ते त्याच्या नोंदीत कितीही गणित केले तरी सापडणार नाही. लडाखमध्ये ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री ढगफुटी झाली, चिखल-दगडांच्या लोंढ्यांनी दोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि लेहच्या पर्जन्यमापकात त्या दिवशीची नोंद होती १२.८ मिलिमीटर. ते मापक बिघडलेले नव्हते. पाऊस काही किलोमीटर अलीकडे-पलीकडे पडला, एवढेच. अशा केंद्राच्या वार्षिक कमाल मालिकेत (दर वर्षाच्या सर्वात मोठ्या आकड्यांच्या यादीत) २०१० हे वर्ष अगदी साधे दिसते.

आता उंचीच्या टक्क्यांबद्दल, कारण हा गुणक अहवालांमध्ये सर्रास दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला दोन हजारही पडत नाही. दोन्ही गावांच्या उंचीत फरक मात्र शंभर मीटरच्या आसपास. म्हणजे पाऊस ठरवते ती उंची नव्हे. दमट वारा कोणत्या दिशेने येतो, तो चढावर किती वेगाने उचलला जातो आणि तुमची जागा कड्याच्या कोणत्या बाजूला किती आत आहे, यावर सगळे अवलंबून असते. थेंबांना खाली यायलाही वेळ लागतो. दोन किलोमीटर उंचीवर तयार झालेला थेंब सेकंदाला सात मीटर वेगाने पडत असेल आणि वारा सेकंदाला वीस मीटर असेल, तर तो जमिनीवर येईपर्यंत साडेपाच-सहा किलोमीटर पुढे वाहत गेलेला असतो. हिमकण सेकंदाला एखादा मीटरच पडतो, तो त्याच वाऱ्यात चाळीस किलोमीटर जाऊ शकतो. त्यामुळे सर्वाधिक पाऊस अनेकदा चढावर न पडता माथ्यावर किंवा माथ्याच्या थोडा पलीकडे, आडोशाच्या बाजूला पडतो. नकाशात ‘पर्जन्यछाया’ म्हणून रंगवलेल्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीला धो धो पाऊस मिळतो तो यामुळेच.

दुसरी गोष्ट कालावधीची. ‘उंचीवर पाऊस जास्त’ हे दिवसभराच्या किंवा अनेक दिवसांच्या पावसाबद्दल पुष्कळ ठिकाणी खरे असते. तासाभराच्या किंवा त्याहून कमी वेळाच्या पावसाला ते लागू पडत नाही. आल्प्समध्ये, विशेषतः इटलीच्या बाजूच्या नोंदींत, तासाभराचा टोकाचा पाऊस उंचीबरोबर कमी होताना दिसला आहे, आणि त्याच डोंगरात चोवीस तासांचा वाढताना. कारण समजण्यासारखे आहे. दीर्घ पाऊस चढावरच्या सतत उचलीतून येतो, तर छोटा आणि तीव्र पाऊस गडगडाटी ढगांतून येतो. त्या ढगांना खालच्या थरातली उष्ण, दमट हवा लागते आणि ती खाली दरीत व पायथ्याशी जास्त असते. तुमचा ओढा चार चौरस किलोमीटरचा आहे. त्याला पूर यायला अर्धा ते एक तास पुरतो. म्हणजे पुलासाठी तुम्हाला तासाभराचा पाऊस हवा, आणि नेमक्या त्याच आकड्याला तुम्ही चोवीस तासांचा उंची-गुणक लावायला निघाला आहात.

चोवीस तासांवरून तासाचा पाऊस काढण्यासाठी भारतात घनमुळाचा नियम वापरतात: कालावधीला चोवीसने भागा, त्याचे घनमूळ घ्या आणि चोवीस तासांच्या पावसाला गुणा. ३०० मिलिमीटरवरून तासाला १०४ मिलिमीटर येतात. सलग दिवसभर कोसळणाऱ्या घाटमाथ्यासाठी हा आकडा बहुधा जास्त येतो. कोरड्या, आडोशाच्या खोऱ्यात तो धोकादायकरीत्या कमी येऊ शकतो, कारण तिथे वर्षातला सर्वात मोठा ‘दिवसाचा’ पाऊस प्रत्यक्षात दीड-दोन तासांतच पडून गेलेला असतो. एकाच सूत्राच्या दोन्ही बाजूंना अशा उलट चुका असतात, म्हणून परिसरात एक जरी स्वयंलेखी पर्जन्यमापक असेल तर त्याच्या नोंदींवरून हा घातांक (घनमुळातला एक-तृतीयांश) स्वतः काढा. आणि रोजची नोंद सकाळी ठरावीक वेळेला घेतलेली असते हे विसरू नका. मध्यरात्री सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो. खऱ्या, सरकत्या चोवीस तासांच्या कमाल पावसासाठी ठरावीक वेळेच्या आकड्याला साधारण १.१३ने गुणण्याची पद्धत आहे. हे गुणन राहून गेलेले मी कितीतरी अहवालांत पाहिले आहे.

मापकांच्या उणिवा थोडक्यात सांगतो. उघड्या माथ्यावरचे मापक वाऱ्यामुळे कमी पाऊस पकडते. द्रवरूप पावसात ही तूट काही टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत असते, बर्फात निम्म्याहून अधिक. डोलपात्र असलेली मापके मुसळधारेत कमी मोजतात, कारण पात्र कलंडत असतानाही पाणी येतच राहते. उपग्रहांच्या पावसाला घाटमाथ्यावर वेगळी अडचण येते. तिथला बराचसा पाऊस फार उंच न वाढलेल्या, उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो आणि अवरक्त प्रतिमेला ते ढग किरकोळ वाटतात. रडारच्या किरणाला डोंगर आडवा येतो. आडवा नाही आला तरी अर्धा अंश वर रोखलेला किरण शंभर किलोमीटरवर दीड किलोमीटर उंचीवर पोचलेला असतो आणि त्याखालची वाढ त्याला दिसत नाही. तरीही रडार आणि उपग्रह टाकून देऊ नका. आकडा त्यांच्याकडून घेऊ नये, पण वादळ कुठे बसले, किती वेळ थांबले आणि किती पसरले, हे त्यांच्याइतके चांगले कोणी सांगत नाही.

माझ्या मते सर्वात कमी वापरली जाणारी आणि सर्वात स्वस्त तपासणी म्हणजे ओढ्या-नद्यांच्या प्रवाहाची. खोऱ्यातून वर्षाला वाहून गेलेले पाणी आणि बाष्पीभवन यांची बेरीज पावसापेक्षा जास्त असू शकत नाही (हिमनदी वितळत असेल तर तेवढे वजा करून). तुमच्या नकाशातला पाऊस या बेरजेपेक्षा कमी भरला तर नकाशा चूक आहे, नदी नव्हे. वरच्या सिंधू खोऱ्यात हिमनद्यांच्या ताळेबंदावरून हाच हिशेब मांडला गेला तेव्हा अतिउंच भागातला खरा वर्षाव प्रचलित जाळीदार नकाशांपेक्षा काही ठिकाणी दहापटीपर्यंत असू शकतो असे निघाले. पुराच्या जुन्या खुणाही तशाच बोलक्या असतात: काठावर उंच अडकलेले ओंडके, वाहत आलेले घराएवढे मोठे धोंडे, एखाद्या वळणावर साचलेला बारीक गाळ. बावीस वर्षांची नोंद जे सांगत नाही ते असा काठ कधी कधी दोनशे-तीनशे वर्षांपर्यंत मागे जाऊन सांगतो. आणि उलटही: अमुक उंचीवर अशा खुणाच नसतील तर तिथे फार मोठा पावसाळी पूर दीर्घकाळ आलेला नाही, हाही पुरावाच आहे.

आता सांख्यिकी. बावीस वर्षांवरून शंभर वर्षांचा आकडा ताणणे मुळातच अवघड आहे, आणि गम्बेल वितरणाची शेपटी (दुर्मीळ, मोठ्या आकड्यांकडचे टोक) पावसासाठी बहुतेकदा हलकी पडते. जगभरातल्या लांब मालिकांवर झालेल्या अभ्यासांत रोजच्या कमाल पावसाचा आकार-प्राचल (शेपटी किती जड ते सांगणारा आकडा) शून्याच्या वर, ०.१ ते ०.१५च्या आसपास निघतो. गम्बेल तो शून्य धरतो. फरक किती पडतो ते पाहा. स्थान-प्राचल (वितरण कुठे बसते) १५० मिलिमीटर आणि मापन-प्राचल (ते किती पसरते) ४० मिलिमीटर असेल, तर गम्बेलने शंभर वर्षांचा पाऊस ३३४ मिलिमीटर येतो. तेच दोन आकडे ठेवून आकार-प्राचल ०.१५ घेतला तर ४१५. हजार वर्षांसाठी ४२६च्या जागी ६३५. पण बावीस आकड्यांवरून आकार-प्राचल काढायला बसलात तर तो उणे ०.२पासून अधिक ०.४पर्यंत काहीही येऊ शकतो. तो एका केंद्रावरून काढायचा नसतोच.

म्हणून प्रादेशिक विश्लेषण करा. ज्या केंद्रांवर टोकाचा पाऊस एकाच प्रकारच्या वादळातून येतो अशा केंद्रांचा गट करा, प्रत्येकाची मालिका तिच्या स्वतःच्या सरासरीने किंवा मध्यकाने (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने) भागा, आणि एल-मोमेंट पद्धतीने (एखाद्याच टोकाच्या आकड्याने कमी डळमळणाऱ्या) सगळ्यांसाठी मिळून एकच वितरण बसवा. मग तुमच्या जागेचा फक्त तो मध्यक काढायचा राहतो, आणि मध्यक काढणे शेपटी काढण्यापेक्षा कितीतरी सोपे. गट ठरवताना नकाशावरचे अंतर दुय्यम धरा. मी आधी प्रत्येक केंद्राच्या वार्षिक कमाल पावसाच्या तारखा काढतो. एका केंद्रावर त्या सगळ्या पावसाळ्याच्या मध्यावर येत असतील आणि दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर मे किंवा ऑक्टोबरमध्ये, तर ती दोन केंद्रे एका गटात बसत नाहीत. कड्याच्या पलीकडचे पण याच बाजूला तोंड असलेले ऐंशी किलोमीटरवरचे केंद्र अनेकदा जास्त जवळचे नातेवाईक ठरते. अजून एक सावधगिरी: वीस केंद्रांची तीस-तीस वर्षे म्हणजे सहाशे वर्षे नव्हेत. एकच वादळ अनेक केंद्रांवर पडते, त्यामुळे स्वतंत्र माहिती त्याहून बरीच कमी असते.

मध्यकाचा नकाशा करताना जागेची नेमकी उंची घेण्यापेक्षा पाच-दहा किलोमीटर व्याप्तीवर गुळगुळीत केलेला भूभाग घ्या. त्याचा दमट वाऱ्याकडे असलेला उतार आणि वाऱ्याच्या वाटेतल्या पहिल्या मोठ्या कड्यापासूनचे अंतर ही दोन चलपदे मला सर्वाधिक उपयोगी पडली आहेत. हवेला तुमच्या सोंडेवरचा एकेक टेंगूळ दिसत नाही. तिला अख्खी रांग दिसते.

पूल पडला तर फक्त रस्ता बंद होणार असेल तर इथवर पुरे. खाली वस्ती असलेल्या धरणासाठी मात्र संभाव्य कमाल पाऊस काढतात. एखादे मोठे वादळ घ्यायचे, त्यातली आर्द्रता दवबिंदूच्या आधारे कमाल शक्य पातळीवर न्यायची आणि ते वादळ आपल्या खोऱ्यावर आणून बसवायचे. सपाट प्रदेशात हे स्थलांतर जमते. डोंगरात वादळाचा अर्धा पाऊस डोंगरानेच घडवलेला असतो, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. डोंगरामुळे पडलेला भाग आधी वेगळा काढावा लागतो, आणि त्या वेगळे काढण्यात विश्लेषकाचा हात फार असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०२४च्या अहवालाने म्हणूनच ढगांची हालचाल थेट सोडवणाऱ्या सूक्ष्म संगणकीय प्रतिमानांकडे आणि संभाव्यतेसह आकडा देण्याकडे वळायला सांगितले आहे. मला ती दिशा योग्य वाटते. डोंगर काय करू शकतो याची कल्पना नसेल तर एकच आकडा लक्षात ठेवा: हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, फोक-फोक येथे, जानेवारी १९६६मध्ये चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडला. चक्रीवादळ तर होतेच, पण समुद्रातून सरळ वर उठलेल्या ज्वालामुखीशिवाय तो आकडा झाला नसता.

वाऱ्याकडे वळतो. इथे दरीतल्या केंद्राची नोंद पावसाहूनही कमी कामाची आहे. दरीतला वारा दरीच्या दिशेनेच वाहतो, आणि रात्री थंड हवेचा थर बसला की वर वादळ सुरू असतानाही खाली पान हलत नाही. त्यामुळे त्या केंद्राच्या वेगाला गुणक लावून सोंडेवरचा वेग काढता येत नाही. उलट जायचे: आधी परिसरावरच्या मोकळ्या, सपाट जमिनीसाठी दहा मीटर उंचीवरचा संदर्भ वेग घ्या, मानकातला किंवा दूरच्या पण चांगल्या केंद्रांवरून काढलेला, आणि तो प्रत्येक दिशेसाठी वेगळा डोंगरावर न्या.

माथ्यावर वारा किती वाढतो याचा अंदाज सोप्या सूत्राने येतो. लांब धारेसाठी वेगातली वाढ साधारण दोन गुणिले उंची भागिले अर्धलांबी. अर्धलांबी म्हणजे माथ्यापासून निम्म्या उंचीच्या बिंदूपर्यंतचे आडवे अंतर. सुट्या टेकडीसाठी दोनऐवजी १.६, एका बाजूने पठार असलेल्या कड्यासाठी ०.८. धार १५० मीटर उंच आणि अर्धलांबी ५०० मीटर असेल तर वाढ ०.६, म्हणजे माथ्याजवळ वेग १.६पट. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दाब २.५६पट. स्कॉटलंडमधल्या आस्कर्वेन टेकडीवर १९८२-८३मध्ये मनोरे लावून मोजमाप झाले. सभोवतालापेक्षा फक्त ११६ मीटर उंच असलेल्या त्या टेकडीच्या माथ्यावर, दहा मीटर उंचीला, वेग जवळपास ८० टक्क्यांनी वाढलेला मिळाला. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानक ८७५च्या भाग ३मध्ये डोंगराचा गुणक जास्तीत जास्त १.३६ आहे, म्हणजे दाबावर १.८५. एकाकी, रेखीव धारेवर उभ्या मनोऱ्याला तो पुरेलच असे गृहीत धरू नका.

हे सूत्र उतार साधारण ०.३च्या खाली असेपर्यंतच चालते. त्याहून तीव्र उतारावर हवा पृष्ठभाग सोडते, आडोशाला भोवरे तयार होतात, आणि तिथे सरासरी वेग कमी पण झोत आणि दिशाबदल भयंकर असतात. रोपवेच्या तारेला हेच जास्त छळते. आडोशाच्या बाजूला आणखी एक प्रकार असतो. स्थिर थर असलेली हवा रांग ओलांडताना लाटेत मोडते आणि उताराने खाली कोसळते. एड्रियाटिक किनाऱ्यावरचा बोरा हा अशाच कुळातला. तुमच्या डोंगरात तशी परिस्थिती येत असेल तर सर्वात मोठा वारा माथ्यावर न येता पायथ्याला येईल आणि कोणत्याही टेकडी-सूत्रात तो दिसणार नाही. खिंडीचे गणित वेगळे आहे. दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबात पाच हेक्टोपास्कलचा फरक असेल तर घर्षण सोडून सेकंदाला सुमारे २९ मीटर वारा मिळू शकतो, वर वादळ असो वा नसो.

वाऱ्याच्या मालिकेत गडगडाटी वादळांचे झोत, चक्रीवादळे आणि मोठ्या प्रणालींचे वारे एकत्र मिसळू नका. प्रत्येकाचे वितरण वेगळे बसवा आणि शेवटी संभाव्यता जोडा. पावसाच्या उलट, वाऱ्यासाठी गम्बेल बहुधा पुरेसा असतो, क्वचित जरा जास्तच सुरक्षित. किती सेकंदांची सरासरी, हेही तपासा. मोकळ्या प्रदेशात तीन सेकंदांचा झोत तासाच्या सरासरीच्या साधारण दीडपट असतो, डोंगरात त्याहून जास्त. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, फक्त १९१७ मीटर उंचीच्या शिखरावर, १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला. एक सवलत मात्र उंचीच देते: तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश विरळ असते आणि त्याच वेगाला दाब तेवढा कमी येतो. तारांवर बर्फ चढत असेल तर ही सवलत विसरा, कारण बर्फामुळे वाऱ्याला अडणारे क्षेत्रफळच वाढते.

सोंडेवर आजच मोजमापाचा मनोरा उभारून वर्षभर वारा मोजा, आणि दूरच्या केंद्राशी संबंध जोडताना फक्त जोरदार वाऱ्याचे तास घ्या. सगळे तास घेतलेत तर शांत रात्रींची गर्दी होते आणि गुणोत्तर भलतेच येते. वादळात हवा ढवळून निघालेली असते, तेव्हाचे प्रमाण वेगळे असते. पुनर्विश्लेषणाचे (जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने पुन्हा उभ्या केलेल्या हवामानाचे) आकडे, उदाहरणार्थ ईआरए५, दिशा आणि तारखा ठरवायला वापरा. त्याची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची आहे, तुमची सोंड त्यात नाही.

तापमानवाढीचा भाग: हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. एका केंद्राच्या बावीस वर्षांत हा कल शोधू नका, गोंगाटात तो दिसणार नाही. प्रकल्पाच्या आयुष्याच्या शेवटी अपेक्षित तापमानावरून पावसावर गुणक लावा आणि तो वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे पुढे बदलता येईल. वाऱ्यासाठी असा कोणताही गुणक मी लावत नाही, कारण त्याला तेवढा भक्कम भौतिक आधार नाही.

अहवालात एकच आकडा लिहू नका. ‘शंभर वर्षांचा तासाभराचा पाऊस ८५ ते १३० मिलिमीटर, डिझाइनसाठी ११५’ अशा धर्तीवर लिहा आणि दोन्ही टोके कोणत्या गृहीतकांवरून आली ते सांगा. ग्राहकाला हेही सांगा की शंभर वर्षांची घटना पन्नास वर्षांच्या आयुष्यात एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ३९.५ टक्के आहे. बहुतेकांना ती पाचएक टक्के वाटते.

तुमच्या पुलाबाबत शेवटचे. चार चौरस किलोमीटरच्या डोंगरी ओढ्यात पाण्याआधी दगड, माती आणि झाडे येतात. गाळा (पुलाच्या दोन आधारांमधली मोकळी जागा) अडला की शंभर वर्षांचा प्रवाह आणि दहा वर्षांचा प्रवाह यांत फरक उरत नाही, पाणी पुलावरूनच जाते. म्हणून आकडा ११५ की १२५ यावर आठवडा घालवण्याआधी वरच्या उतारावर जुन्या दरडींच्या खुणा शोधा. त्या सापडल्या तर मधला खांब काढून टाका, एकाच गाळ्याचा पूल घ्या आणि तळापासूनची मोकळी उंची प्रवाहाच्या गणितापेक्षा त्या ओढ्यातल्या सर्वात मोठ्या धोंड्याकडे पाहून ठरवा.